मंत्रिमहोदय, एकदा आमची कचरागाडी ऐका

प्रति,
मा. श्री. अश्विनी वैष्णव
माहिती आणि प्रसारण मंत्री, भारत सरकार
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

डिसेंबर सरायला आला की दिल्लीतली मंत्रालयं आपापल्या वर्षभराच्या कामाचा आढावा काढतात. दिवाळीआधी आपण माळा साफ करतो तसंच हे. फरक एवढाच की माळ्यावरून मोडकंतोडकंही खाली येतं, आढाव्यात मात्र सगळी घासूनपुसून ठेवलेली भांडी. मी निवृत्त माणूस, वेळ आहे, म्हणून गृह खात्याची कामगिरी आणि आपल्या खात्याची कामगिरी लागोपाठ वाचायला बसलो. दोन्ही एकत्र वाचल्यावर जे वाटलं ते लिहितोय.

आधी गृह खात्याचं. माओवादग्रस्त जिल्हे 126 वरून 11 वर आले. मे 2025 मध्ये छत्तीसगडमधल्या अबुझमाडच्या जंगलात माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरात त्याच पक्षाचा बडा नेता भूपती आपल्या साठ साथीदारांना घेऊन गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे हत्यारं ठेवून मोकळा झाला. हे लहान काम नाही. बालाघाट आमच्याच राज्यातला. तिकडे बदलीचा हुकूम आला की घरची मंडळी देव पाण्यात ठेवायची, हे मी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा या कामगिरीवर मी नाक मुरडणार नाही.

पण हे पत्र गृहमंत्र्यांना नाही, आपल्याला आहे. कारण अंतर्गत सुरक्षेचं निम्मं काम आपल्या खात्याकडे येतं आणि सरकारला ते ठाऊकही आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या पायाभूत सोयींसाठी जानेवारी 2023 मध्ये 2,539.61 कोटींची योजना मंजूर झाली. तिच्यातच सीमेवरच्या, आदिवासी आणि माओवादग्रस्त भागांतल्या घरांना डीडी फ्री डिशचे 8 लाख संच फुकट द्यायचं ठरलं. म्हणजे जंगलातल्या माणसापर्यंत बंदुकीआधी आवाज पोचला पाहिजे, हे कुणाच्या तरी डोक्यात होतं. माझं म्हणणं इतकंच की आता धोका जंगलात राहिलेला नाही. तो इंदूरच्या राजेंद्रनगरात, दुसऱ्या मजल्यावर, सकाळी साडेसात वाजता फोन करतो.

आमच्या काकूंची गोष्ट सांगतो. वय 78, एकट्या राहतात, मुलगा परदेशी. 2025 ची संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. फोन आला की तुमच्या नावाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, त्यात नको ते सापडलंय. मग व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर झेंडा. मुंबई क्राइम ब्रांच म्हणाला. काकूंना उलट बरंच वाटलं, म्हणाल्या, "मग मराठीतच बोला की साहेब." साहेब काही मराठीत बोलेनात. (संशय तिथेच यायला हवा होता, असं आता आम्ही हसून म्हणतो. तेव्हा कुणी हसत नव्हतं.) तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, बँकेचं पासबुक काढून ठेवा.

आता खरी मेख ऐका. 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द काकूंनी आधी ऐकलेला होता. 27 ऑक्टोबर 2024 चा रविवार, दिवाळीच्या तोंडावरचा. काकू चकल्या पाडत होत्या आणि रेडिओवर पंतप्रधानांची 'मन की बात' चालू होती. त्यांनी ठगाचं संभाषण ऐकवलं, कुठलीही सरकारी यंत्रणा फोनवर अशी चौकशी करत नाही हे सांगितलं, रुको, सोचो और एक्शन लो म्हणाले, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर सांगितला. काकूंनी मान डोलावली आणि पुढची चकली पाडली. अडीच महिन्यांनी प्रत्यक्ष गळ्याशी आलं तेव्हा त्यातलं काही म्हणता काही आठवलं नाही. पंतप्रधानांनी स्वतः सांगितलं, चांगलं सांगितलं, पण एकदा सांगितलं आणि दिल्लीहून सांगितलं.

काकूंना वाचवलं ते कचरागाडीनं.

सव्वाआठला गल्लीत गाणं वाजलं. काकूंनी वर्दीवाल्याला सांगितलं, कचरा देऊन येते. तो ओरडला, हलायचं नाही. पण इंदूरचा माणूस पोलिसांना एक वेळ थांबवेल, कचरागाडीला नाही. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, असा सहा प्रकारचा कचरा घेऊन काकू खाली उतरल्या. गाडीपाशी शेजारणीनं विचारलं, "काय हो, चेहरा असा का?" आणि काकूंना तिथेच रडू कोसळलं. शेजारीण वर आली, तिनं फोन हातात घेतला आणि पुढे तिनं अस्सल इंदुरी हिंदीत त्या अधिकाऱ्याचं जे स्वागत केलं ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही. पैसे वाचले. आमच्या ओळखीतल्या दुसऱ्या एका गृहस्थांचे वाचले नाहीत, निवृत्तीची जवळजवळ सगळी रक्कम गेली. ते आता कुणाचाच फोन उचलत नाहीत, आमचाही नाही.

महोदय, गृह मंत्रालयानं संसदेत दिलेला आकडा आहे. 2024 या एका वर्षात सायबर ठगांनी भारतीयांचे 22,845 कोटी रुपये लुबाडले. त्याच्या आदल्या वर्षी हा आकडा 7,465 कोटी होता. आपल्या त्या पायाभूत योजनेची जी सगळी रक्कम, तिच्या जवळपास नऊ पट पैसा एका वर्षात लोकांच्या खात्यांतून गेला. याला अंतर्गत सुरक्षा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आपण म्हणाल, सरकारनं जागृती केली. केली. फोन लावला की अमिताभ बच्चन बोलायचे, आठवतं. लोक इतके वैतागले की जून 2025 मध्ये ते बंद करावं लागलं. घरात कुणाला चक्कर आलीय, डॉक्टरांना फोन लावतोय आणि आधी सूचना ऐका! शिवाय त्यात एक गंमत होती ती कुणाच्या लक्षात आली की नाही देव जाणे. ती सूचना फोन लावणाऱ्याला ऐकू यायची, घेणाऱ्याला नाही. काकू कुणाला फोन लावत नाहीत, त्यांना फोन येतात. म्हणजे ठगांपासून सावध राहण्याचा सल्ला काकूंना नाही, काकूंना साधा फोन लावणाऱ्या ठगालाच मिळत होता.

उलट आमची गाडी बघा. रोज तीच वेळ, तेच दार. तिचं गाणं पोरासोरांना पाठ आहे आणि म्हाताऱ्यांच्या अंगवळणी पडलंय. 2017 पासून या शहरानं स्वच्छतेत पहिला नंबर सोडला नाही, त्यात झाडूइतकाच त्या भोंग्याचा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. त्याच्याइतकं चांगलं सार्वजनिक प्रसारण मी अलीकडे दुसरं ऐकलेलं नाही. त्यामागे कुणी स्टुडिओ उभारला नव्हता.

आणि हे इंदूरला नवं नाही. मालवा हाऊसमधलं आकाशवाणी केंद्र 22 मे 1955 ला सुरू झालं, म्हणजे मे 2025 मध्ये त्याला सत्तर वर्षं झाली. त्या केंद्रावरून नंदाजी-भेराजी बोलायचे. माळव्यातल्या जुन्या माणसाला नुसती ही जोडनावं सांगा, चेहरा उजळतो. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली ही पात्रं माळवीत गप्पा मारायची आणि गप्पांच्या ओघात बियाणं, खत, किडीचं औषध सगळं सांगून जायची. आमच्या घरी शेतीचा एक वाफा नव्हता, तरी वडील ऐकायचे. आम्हा मराठी पोरांना माळवी कळू लागली ती यांच्यामुळे. खेड्यातला माणूस कृषी अधिकाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, नंदाजींवर ठेवायचा. कारण नंदाजी रोज यायचे, आपल्यासारखं बोलायचे आणि कधी कधी स्वतः फसायचेही.

मला हवं आहे ते हेच. प्रत्येक स्थानिक केंद्रावरून रोज, ठरलेल्या वेळी पाच मिनिटं, या आठवड्यात या भागात लोकांना कसं फसवलं जातंय ते. कधी पार्सल, कधी वीज बिल थकल्याचा मेसेज, कधी लग्नाची पत्रिका म्हणून आलेली फाइल. ठगांची युक्ती दर महिन्याला बदलते, दिल्लीत तयार झालेली एक जाहिरात वर्षभर वाजवून भागत नाही. माळव्यात माळवीत, निमाडात निमाडीत, आणि इंदुरात आठवड्यातून एखादा दिवस मराठीत. आम्ही इथे होळकरांच्या काळापासून आहोत, पाच मिनिटं मागणं जास्त होऊ नये. माहिती देणारा पोलीस असो, पण बोलणारा नंदाजी हवा.

दुसरी गोष्ट मे महिन्याची. 1 ते 4 मे 2025 मुंबईत आपल्या खात्याचा 'वेव्हज' मेळावा झाला, जगभरचे पाहुणे आले, मनोरंजन उद्योगाच्या भवितव्यावर मोठमोठी भाषणं झाली. बरोबर तीन दिवसांनी, 7 मे रोजी, इंदुरात भोंगे वाजले. नागरी संरक्षणाचा सराव होता, संध्याकाळी काही मिनिटं दिवे मालवायचे होते. त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूर झालेलं. आमच्या इमारतीत अंधारात सगळे जिन्यावर जमलो. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळं युद्ध. कुणी म्हणे अमुक बंदर उडवलं, कुणी म्हणे तमुक शहर पडलं. खाजगी वाहिन्या तर बातमीच्या मागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवत होत्या, शेवटी 10 मे रोजी नागरी संरक्षण महासंचालनालयाला सांगावं लागलं की बाबांनो, ते आवाज वापरू नका, खरा भोंगा वाजला तर लोक उठायचे नाहीत. त्या दिवसांत आमच्या घरी फ्री डिशवर सह्याद्री लावून ठेवली होती. बातमी बातमीसारखी, आवाज न चढवता. ती मला त्या आठवड्यातली आपल्या खात्याची सगळ्यात मोठी कामगिरी वाटली.

त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबुवांनी (नाव बदललंय, बुवा खरे आहेत) सेलवरचा जुना रेडिओ खाली आणला. इमारतीतला तो एकमेव रेडिओ निघाला! मोबाइलमध्ये एफएम असतं म्हणावं तर बऱ्याच नव्या फोनमध्ये ते नाहीच किंवा बंद केलेलं. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स खातंही आहे, म्हणून मुद्दाम आठवण करून देतो. 28 एप्रिल 2023 रोजी त्याच खात्यानं मोबाइल कंपन्यांना सांगितलं होतं की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद ठेवू नका, आपत्तीत उपयोगी पडते. त्याच दिवशी पंतप्रधानांनी 91 नवी एफएम प्रक्षेपण केंद्रं सुरू केली. एका हातानं मनोरे उभे केले आणि दुसऱ्या हातानं कंपन्यांना नुसती विनंती केली. मनोऱ्यांची मोजणी आढाव्यात येते. ऐकणाऱ्याच्या हातात रेडिओ उरलाय का, याची मोजणी कुणी करावी?

आता थोडं कडू बोलतो, वय झालंय, राग मानू नये. जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करून काम दुसरीकडे हलवायचं ठरलं होतं. लोक ओरडले, निर्णय थांबला. पुण्याच्या सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर महाराष्ट्रातली किती घड्याळं लागलेली आहेत, हे तो कागद लिहिणाऱ्याला माहीत नसावं. केंद्र बंद करताना खर्च वाचलेला दिसतो, ओळख तुटलेली दिसत नाही. तसंच विश्वासाचंही. प्रसार भारती कायद्याच्या 12 व्या कलमात लिहिलंय की नागरिकाला खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा हक्क जपायचा. सरकारचं कुठे चुकलं हेही ज्या आवाजात अधूनमधून ऐकलंय, त्याच आवाजानं "घाबरू नका" म्हटलं तर माणूस घाबरत नाही. रोज फक्त कौतुकच ऐकू आलं तर भीतीच्या रात्री लोक व्हॉट्सॲपकडेच वळणार, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

तेव्हा पुढच्या डिसेंबरात आढावा लिहायला बसाल तेव्हा मनोरे, वाहिन्या आणि ॲपच्या जोडीला एक रकाना वाढवा. स्थानिक केंद्रांवरून स्थानिक बोलीत रोज किती मिनिटं, तिथल्याच माणसांनी तयार केलेलं, प्रसारित झालं. पहिल्या वर्षी आकडा लहान दिसला तरी छापा.

आणि कधी इंदूरला आलात तर सराफा, छप्पन या खाऊगल्ल्या झाल्यावर एक सकाळ राजेंद्रनगरात या. काकू पोहे करतील, वर शेव घालतील आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगतील, वर्दीवाल्याच्या आवाजाची नक्कल करून. फक्त सव्वाआठच्या आत या. गाडी आली की त्यांना मधेच उठावं लागतं.

आपला नम्र,
एक इंदूरकर श्रोता