कॅमेरे लहान झाले, बॅगा कधी होणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला पावसाळी फोटोग्राफीवरचा लेख वाचला. शटर किती मंद ठेवायचं, ढगाळ उजेडात हिरवा रंग का खुलतो, सगळं छान समजावून दिलंय. पण कॅमेऱ्यासाठी चांगली बॅग घ्यावी, एवढं एका ओळीत सांगून लेखक मोकळे झाले. घ्यावी हो, पण मिळते कुठे? कॅमेरा निवडायला मला फारसा त्रास झाला नाही. बॅगेने मात्र नाकी नऊ आणले.

मी बदलापूरला राहते आणि फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी करते. जाता-येता दीड-दीड तास लोकल. कॅमेरा रोज बरोबर असतो, कारण फोटो काढायला म्हणून कुणी वेगळी रजा देत नाही. संध्याकाळी पाच मिनिटं मिळाली तर सीएसएमटीच्या इमारतीवरचे दगडी प्राणी, शनिवारी अर्धा दिवस असला तर अंबरनाथला उतरून शिवमंदिराच्या बाहेरच्या भिंती, आणि रविवारी बारवी धरणाच्या बाजूचे पक्षी. अंबरनाथचं मंदिर इ.स. १०६० च्या सुमाराचं, शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या भिंतीवर इतकं काम आहे की दर वेळी एखादी मूर्ती नव्याने दिसते.

माझा कॅमेरा ऑलिंपसचा ओएम-डी ई-एम१० मार्क २. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही लहान सेन्सरच्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची पद्धत आणली, त्या घराण्यातला. याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, साधारण पाव क्षेत्रफळाचा. त्यामुळे लेन्सही आटोपशीर. बॅटरी-कार्डासकट बॉडी ३९० ग्रॅम, १४-४२ ची (हे आकडे लेन्सच्या फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये) चपटी झूम ९३ ग्रॅम, ४५ ची पोर्ट्रेट लेन्स ११६ आणि पक्ष्यांसाठी ४०-१५० ची १९०. सगळं मिळून ८०० ग्रॅमच्या आत. कॅननच्या २४-७० एफ २.८ लेन्सची दुसरी आवृत्ती एकटीच ८०५ ग्रॅम भरते, म्हणजे बघा.

आणि बोरा बाजारात मला पहिली दाखवली ती पाठीवरची बॅग रिकामीच दीड किलोच्या घरात. नाकापेक्षा मोती जड.

बोरा बाजार स्ट्रीट माझ्या कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. डबा लवकर संपवला की जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन दुकानं होतात. दुकानदार मंडळी कॅमेऱ्याबद्दल भरभरून बोलतात, त्यांना खरोखर माहिती असते. बॅगेचा विषय काढला की हात वर. "मॅडम, मोठी घ्या, पुढे लेन्सा वाढतील." मी म्हटलं, वाढल्या तर वाढतील, आज काय करू? त्यावर ते लहान बॅग काढतात, ती पॉइंट-अँड-शूटची, खिशाएवढी. मधलं काही नाही. असलं तरी समोर मांडलेलं नाही, वरच्या फळीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दुकानात उभं राहून स्वतःचा कॅमेरा आत घालून बघू दिलं, असं एकच दुकान भेटलं. त्या गृहस्थांनी स्टूल पुढे केलं, काउंटरवर मऊ कापड अंथरलं आणि म्हणाले, "ठेवा, काढा, परत ठेवा." बॅग पसंत पडली नाही, पण बॅटऱ्या मी आता त्यांच्याकडूनच घेते.

अडचण लांबी-रुंदीची नाही, खोलीची आहे. बहुतेक बॅगांचा साचा डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या जाडजूड कॅमेऱ्यांच्या काळातला. आतले कप्पे पंधरा-सोळा सेंटिमीटर खोल. माझी बॉडी ८३ मिलिमीटर उंच आणि ४०-१५० ची लेन्स उभी केली तर तीही ८३ च. एवढ्या खोल कप्प्यात ४५ ची लेन्स टाकली की ती तळाशी जाऊन बसते. मग गाडीच्या धक्क्यांत उभं राहून कोपरापर्यंत हात घालून चाचपत बसायचं. लेन्सवर लेन्स ठेवा असं सांगतात. मधे मऊ पडदा घालून तेही करून पाहिलं. खालची हवी असली की आधी वरची हातात धरायची, आणि दुसरा हात वरच्या कडीला! लोकलमध्ये तिसरा हात मिळत नाही.

ऑनलाइन तर आणखी गंमत. 'मिररलेससाठी खास' (मिररलेस म्हणजे माझ्यासारखे बिनआरशाचे लहान कॅमेरे) म्हणून एक बॅग मागवली. मापं दिली होती ती बाहेरची. आली तेव्हा भिंती इतक्या जाड की कॅमेरा लेन्ससकट आडवा बसेना, लेन्स काढली तरच बसे. परत पाठवताना कारण विचारलं गेलं, त्यात 'माप चुकीचं' असा पर्याय फक्त कपड्यांना होता. त्या विक्रेत्याचं नाव घेत नाही, कारण हे सगळेच करतात. आतली लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये छापायला कुणाचं काय जातं?

आता बायकांच्या डब्याविषयी थोडं, कारण बॅगांची परीक्षणं लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि हा मुद्दा त्यांच्या गावी नसतो. सकाळी बदलापूरहून बसायला मिळालं तर बॅग मांडीवर. उभं राहिलं तर पोटाशी, कारण पाठीवरच्या बॅगेने मागची बाई वैतागते आणि तिचं बरोबरच असतं. रॅकवर कॅमेरा ठेवायला माझा जीव होत नाही. म्हणजे मला हवी खांद्यावरून तिरकी घालता येईल अशी, पोटाशी चपटी राहणारी बॅग. अशा बॅगांना स्लिंग म्हणतात, मिळतातही. पण एकीचा पट्टा अरुंद, खांद्यात रुततो. दुसरीचा रुंद आहे, पण त्यावरचं बकल नेमकं छातीवर येतं. आणि वेल्क्रो! झाकण उघडं राहिलं की त्याची खरखरीत बाजू ओढणीला धरते. माझ्या एका चांगल्या चंदेरी ओढणीचे धागे असे निघालेत की ती आता कपाटातच असते. शेजारणीच्या साडीला लागलं तर डोंबिवलीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. बारवीला त्याच वेल्क्रोच्या 'खर्रर्र' आवाजाने खंड्या उडून गेला, ते वेगळंच.

शिवाय बॅगेवर कंपनीचं नाव एवढं ठसठशीत विणलेलं, की आत काय आहे ते दुरून वाचता यावं. गर्दीत ही जाहिरात मी का करावी?

शेवटी तोडगा निघाला तो कल्याण स्टेशनबाहेर बॅगांच्या चेन आणि पट्टे दुरुस्त करून देणाऱ्या चाचांकडे. मी त्यांना बॅग शिवायला सांगितलंच नाही. साध्या जाड कॅनव्हासच्या झोळीवजा पिशवीत बसेल असा आतला गादीचा खोका मागितला. परदेशी कंपन्या याला इन्सर्ट म्हणतात आणि वेगळी किंमत लावतात. वर्तमानपत्राच्या कागदावर मी माप काढून नेलं होतं: आतून २६ बाय ९, उंची ११ सेंटिमीटर. कॅमेरा चपट्या लेन्ससकट उभा, शेजारी ४०-१५० उभी, पलीकडे ४५. तिन्ही एका रांगेत, वरून बघितलं की तिन्ही दिसतात.

चाचांनी फोमचे तीन तुकडे काढले आणि प्रत्येकावर अंगठा दाबून दाखवला. एकात खड्डा तसाच राहिला. "ये दो महीने में बैठ जायेगा, ताई." दुसरा दगडासारखा. तिसरा दबला आणि लगेच वर आला, तो घेतला. आत अस्तर लावलं ते गडद नाही, पिवळं. हे त्यांचं डोकं. काळ्या अस्तरावर काळं लेन्सचं झाकण दिसत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नसतं. मधल्या भिंतींना वेल्क्रो ठेवलं, पण सगळं आतल्या बाजूला, ओढणीपासून लांब. तळाला फोमचा एक जास्तीचा थर, कारण पिशवी खाली ठेवताना आपटतो तो तळच. काठाला एक अरुंद खिसा दोन बॅटऱ्यांचा. भरलेली बॅटरी तोंड वर, संपलेली तोंड खाली. एवढी शिस्त पाळली की अंधारातही कळतं.

पिशवीच्या उरलेल्या जागेत डबा, छत्री, पाण्याची बाटली. डबा मात्र खोक्याच्या विरुद्ध टोकाला आणि उभा. आमटी असेल त्या दिवशी कॅमेरा घरी. जिथे तडजोड होत नाही तिथे करू नये.

पावसाबद्दल आपल्या लेखकांनी कॅमेऱ्याला रेनकोट घाला म्हटलंय. ते फोटो काढतानाचं झालं. माझ्या कॅमेऱ्याला पाण्यापासून संरक्षणाचं सीलिंग नाही, त्यामुळे मला भीती फोटो काढताना कमी आणि प्रवासात जास्त. डब्यातल्या पन्नास ओल्या छत्र्या तुमच्या बॅगेला टेकलेल्या असतात. पाणी आधी शिरतं ते चेनमधून आणि शिलाईच्या भोकांतून, कापडातून नंतर. म्हणून वरून पुढे येणारी कॅनव्हासची झाप असलेली पिशवी मला उघड्या चेनच्या महागड्या बॅगेपेक्षा बरी वाटते. बॅगेबरोबर येणारं पातळ रेन कव्हर चांगलंच, पण ओलं झाल्यावर ते परत त्याच खिशात कोंबलं तर ओल आपणच बॅगेत घेऊन गेलो.

आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवायचा नाही. कोकणपट्टीच्या हवेत ही गोष्ट कुणीतरी मोठ्या अक्षरात छापायला हवी. फोम आणि अस्तर ओल धरून ठेवतात, वर आत अंधार. लेन्सच्या काचेवर बुरशीचे तंतू धरायला याहून सोयीची जागा नाही. बुरशी एकदा काचेवरच्या लेपापर्यंत पोचली की साफ करूनही डाग राहू शकतो. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम, त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. मी घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा वापरते, आत सिलिका जेल. माझ्याकडचे दाणे केशरी आहेत, ओल प्यायले की हिरवे होतात, मग मंद आचेवर तवा तापवून परत केशरी करायचे. सासूबाईंना वाटतं मी काहीतरी भाजतेय.

कॅनव्हासच्या पिशवीवरून कचेरीत जरा हसले सगळे. पण कॅमेऱ्याच्या बॅगांचा इतिहासही थोडा असाच आहे. फिलाडेल्फियातल्या एका दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी १९७० च्या दशकात कडक पेट्यांना कंटाळून स्वतःच्या कामासाठी मऊ कॅनव्हासची बॅग तयार केली, आणि ती जगभरच्या बातमीदार छायाचित्रकारांच्या खांद्यावर गेली. इंग्लंडच्या बिलिंगहॅमने तर १९७३ मध्ये सुरुवात केली ती मासे पकडणाऱ्यांच्या बॅगांनी. फोटोवाल्यांनी त्या नंतर उचलल्या. म्हणजे चांगली बॅग बरेचदा कॅमेऱ्याच्या दुकानाबाहेरच जन्मली.

आपल्याकडे रोज लोकलने, एसटीने, दुचाकीने फिरणारे वृत्तछायाचित्रकार आहेत. त्यांच्या बॅगेत काय कुठे असतं, पावसात ते काय करतात, पट्टा कुठल्या खांद्यावर घेतात, हे त्यांनाच विचारून पुरवणीत एक पान द्यावं, ही विनंती. बाई छायाचित्रकार असेल तर तिला आधी विचारा. आणि यापुढे कॅमेऱ्याचं परीक्षण छापताना नुसतं वजन न देता, लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याची तिन्ही बाजूंची मापंही चौकटीत द्यावीत. ती कात्रणं घेऊन चाचांकडे जाता येईल. त्यांना मेगापिक्सेलशी देणंघेणं नाही, माप मात्र ते सेंटिमीटरात मागतात.

आपली,
एक नियमित वाचक,
बदलापूर (पूर्व)