टबाच्या काचेच्या दाराचं बिल करताना स्टीलचा ग्रेडपण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी बाथरूम कसं सजवावं यावर लेख होता, त्यात बाथटबाला सरकती काचेची दारं लावा, जागा मोठी वाटते, उजेड खेळता राहतो वगैरे लिहिलेलं. ते बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो लेख वाचून आमच्याकडे दापोली-गुहागर पट्ट्यात लोक त्याचा मोबाईलवर फोटो काढून दुकानात येतात आणि म्हणतात, "भाऊ, सेम असंच पाहिजे". लेखात रंग होता, हँडलचा आकार होता, टाइल्सशी मॅचिंग होतं, फक्त समुद्र नव्हता. मी या भागात ॲल्युमिनियम आणि काचेची कामं करतो, खिडक्या, पार्टिशन, हल्ली होमस्टे वाढल्यापासून बाथरूमची दारंपण, म्हणून लिहितोय, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न काचेचाच विचारतं, फुटेल का हो? दुसरा, किती एमएम? स्टीलचं कोणीच विचारत नाही. आणि आमच्याकडे काच जाग्यावर राहते नि स्टील जातं, हे किनाऱ्यावर काम करणारा कुठलाही माणूस सांगेल.

लाडघरला समुद्राला लागून एक होमस्टे आहे, मालकीणबाईंनी शहरातल्या एका शोरूममधून टबाचं दार आणलं होतं, फ्रेमलेस म्हणजे काचेला चौकट नसलेलं, १० एमएम, दिसायला एकदम फाइव्ह स्टार. दोन पावसाळे गेले आणि दार मध्येच अडकायला लागलं म्हणून मला बोलावलं. काच नवी कोरी, कुठे ओरखडा नाही. दार ज्यावर सरकतं तो वरचा पाइप मात्र चहा सांडून वाळल्यासारखा तपकिरी, त्यावर बोट फिरवलं तर बारीक बारीक खड्डे हाताला लागतात, आणि रोलर खोलला तर चाकाची बॉडी जस्ताच्या ओतीव धातूची निघाली, वरचं क्रोम पापुद्र्यासारखं सुटलेलं नि आतून पांढरी भुकटी पडत होती. स्क्रूला पाना लावला तर डोकंच हातात आलं. बाई म्हणाल्या, अहो पण त्यांनी एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, सांगितलं होतं! एसएसच होतं वहिनी, पण कुठलं एसएस ते कोणी सांगितलं नाही. बिलावर नुसतं 'एसएस फिटिंग सेट' लिहिलेलं.

आता हे कुठलं म्हणजे काय तेच सांगतो. बाजारात साधारण तीन येतात, २०२, ३०४ आणि ३१६. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेलं असतं, चमकतं तेवढंच पण खाऱ्या हवेत लवकर गंजतं. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम नि ८ टक्के निकेल, चिपळूण-खेडला घर असेल तर हे उत्तम, डोळे झाकून घ्या. पण हर्णै, मुरुड, कर्दे, गुहागर, तिकडे मालवण-तारकर्ली, जिथे घरात बसून लाटा ऐकू येतात तिथे ३१६ लागतं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठातलं क्लोराइड जे टोचून टोचून खड्डे पाडतं त्याला ते बऱ्यापैकी अडवतं. महाग आहे, खोटं कशाला बोलू. पण टबाच्या दाराला स्टील असं असतं किती, एक पाइप, चार रोलर, दोन स्टॉपर, हँडल नि स्क्रू. आणि हो, दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात ना, बघा चिकटत नाही म्हणजे अस्सल माल, त्याला काही अर्थ नाही. २०२ ला पण चुंबक चिकटत नाही.

गंमत अशी की बाहेरच्या गेटला निदान पाऊस तरी धुतो. जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्यात मीठ वाहून जातं. बाथरूममधल्या वरच्या पाइपाला तेही नशीब नाही, लूव्हर्सच्या खिडकीतून खारी दमट हवा येते, पाइपावर बसते आणि शॉवरचं पाणी तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून महिन्यातून एक-दोनदा मगभर गोडं पाणी वरून ओतून कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, बस, एवढं केलं तर ३०४ सुद्धा बरंच टिकतं. दुसरा शत्रू घरातच असतो, संडास घासायचं ॲसिड. बंद बाथरूममध्ये ॲसिड ओतून दार लावून घेतलं की त्याची वाफ सगळ्या स्टीलवर बसते, आणि तिच्यापुढे ३१६ चंपण काही चालत नाही. होमस्टेवाले गिऱ्हाईक गेलं की रोज ॲसिड मारतात, मग मला फोन करतात की माल हलका दिलास.

स्टीलचं बजेट नसेल तर माझं स्पष्ट मत, स्वस्तातलं फ्रेमलेस घेऊ नका, त्यापेक्षा चांगलं ॲनोडाइज्ड (वर संरक्षक थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमचं फ्रेमवालं दार घ्या, आत ६ एमएमची टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच आणि नायलॉनची चाकं. पुरवणीतल्या फोटोसारखं दिसणार नाही पण चालेल. फक्त ॲल्युमिनियमला साधे लोखंडी स्क्रू मारू देऊ नका, दोन वेगळे धातू नि मध्ये खारं पाणी आलं की त्यातला एक दुसऱ्याला खातो, भोकाभोवती पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं ते तेच.

काचेबद्दल थोडक्यात. टफनच पाहिजे, यात तडजोड नाही. सहाशे अंशाच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम गार केलेली असते म्हणून साध्या काचेच्या चौपट-पाचपट मजबूत, आणि फुटलीच तर साखरेच्या खड्यांसारखे बोथट तुकडे होतात, साध्या काचेसारखी सुरी होत नाही. काही सुतार खिडकीची उरलेली काच टबाला लावून देतात, ते सरळ हाकलून द्या. काचेच्या कोपऱ्यात कायमचा शिक्का असतो, आयएस २५५३ आणि आयएसआयचा मार्क बघायचा, आणि तो काच बसवायच्या आधी बघायचा, सांधे बुजवायचं सिलिकॉन मारल्यावर कोपरे दिसत नाहीत. टफन काच मधोमध धक्का सोसते पण कडेला, टाइलच्या कोपऱ्यावर टेकली की जाते, म्हणून ती कधी नागव्या फरशीवर उभी करायची नाही, खाली लाकडाची पट्टी किंवा पुठ्ठा घ्यायचा.

आणि एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. इथे आमच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांची खरी पंचाईत होते. जुन्या घरात भिंत ओळंब्यात असेल तर पेढे वाटावे. खाली एक माप, वर दुसरं, मध्ये पोट आलेलं. मी टबाच्या कडेला, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मापं घेतो, टाइल लागल्यावरच घेतो आणि सगळ्यात लहान माप धरतो, उरलेला फरक भिंतीला लागणाऱ्या पट्टीत, प्रोफाइलमध्ये, जिरवायचा. दोन सूत, तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जिरतात, इंचभर नाही जिरत. "अंदाजे साठ इंच लिहून घ्या, टाइल नंतर लावतो" असं सांगणारं गिऱ्हाईक भेटलं की मी सरळ चहा पाजून परत पाठवतो. वजनाचाही विचार करा, ८ एमएमची काच चौरस मीटरला २० किलो भरते, म्हणजे अडीच फूट बाय पाच फुटाचं एक पॅनेल साधारण २३ किलो, आणि चिरा मऊ, हॅमर ड्रिल मारलं की भोक ऐसपैस होतं नि स्क्रू धरायचा प्लास्टिकचा फिशर आत गरगर फिरतो. तिथे लांब अँकर किंवा भोकात भरायचं चिकट केमिकल लागतं.

सरकतं दार मुळात हवंय का हा प्रश्न मात्र लेखात कोणी विचारलाच नाही. पाच फुटी टबाला दोन सरकती पॅनेल लावली की कधीही एकच बाजू उघडते, आत जायला जेमतेम सव्वादोन फूट. लहान पोराला आंघोळ घालायची, म्हाताऱ्या सासूबाईंना धरून बसवायचं, टब घासायचा, सगळं त्या फटीतून. घरात वयस्कर माणूस असेल तर माझं सांगणं असतं की नळाच्या बाजूला अर्धी फिक्स काच लावा नि बाकी मोकळं ठेवा, ना चाक ना ट्रॅक, बिघडायला काही नाहीच. सरकतं दार तिथे घ्या जिथे बाथरूम अरुंद आहे आणि बिजागरीचं दार उघडलं तर कमोडवर नाहीतर बेसिनवर आपटतं. आणि दाराला टॉवेलचा रॉड असतो तो धरून उठायला नसतो हो, आधाराचा दांडा वेगळा, भिंतीत पक्का ठोकलेला पाहिजे.

बसवताना दोन गोष्टी उभं राहून बघा. शॉवरच्या बाजूचं पॅनेल आतल्या रुळावर आलं पाहिजे, नाहीतर फवारा दोन काचांच्या फटीतून सरळ बाहेर येतो. खालच्या ट्रॅकला पाणी निघायची बारीक भोकं असतात ती टबाच्या बाजूला, उलट बसवणारे कारागीर मी पाहिलेत, मग रोज बाहेर तळं साचतं नि दोष दाराला. ट्रॅक टबाच्या कडेवर स्क्रूने ठोकायचा नाही, सिलिकॉनवरच बसवायचा. सिलिकॉन न्यूट्रल घ्या, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते धातूला लागतं. आणि टब ॲक्रिलिकचा असेल तर तो पाण्याने भरून मग सांध्याला सिलिकॉन मारा, वजनाने टब थोडा खाली बसतो, रिकाम्या टबाला मारलेलं पहिल्या आंघोळीलाच सुटतं. आता टब भरायचा म्हणजे दीडशे-दोनशे लिटर पाणी, आणि २५ लिटरच्या गीझरने गार पाणी मिसळून फार तर अर्धा टब कोमट होतो, मे महिन्यात तर विहीरच तळाला गेलेली असते, म्हणून बऱ्याच घरात टबात उभं राहून बादलीनेच आंघोळ चालते हे मला माहितीये. असो, ज्याची त्याची हौस.

काचेवरच्या पांढऱ्या डागांबद्दलपण विचारतात. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, बोअरचं पाणी जड असतं, थेंब वाळला की क्षार काचेवर राहतात. त्यावर कोटिंग मिळतं पण ते कायमचं नसतं. आंघोळ झाली की वायपर फिरवणं हाच उपाय, आणि पाहुण्यांच्या खोलीत तो वायपर कोण फिरवणार याचा विचार करूनच होमस्टेला साधी काच द्यायची की फ्रॉस्टेड ते ठरवा. फ्रॉस्टेडवर डाग कमी दिसतात.

तर संपादक साहेब, माझी मागणी दोन ओळींची आहे. शोरूमवाले आणि आमच्यासारखे फॅब्रिकेटर सगळ्यांनीच बिलावर काचेच्या एमएमसोबत स्टीलचा ग्रेड, रोलरची बॉडी कशाची आहे ते आणि स्क्रू कसले हे लिहून द्यावं, आणि गिऱ्हाइकाने ते लिहिल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नये. आणि तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी घराचा लेख येईल तेव्हा किनाऱ्यावरच्या वाचकासाठी एखादी चौकट टाका, तुमचा पेपर इकडेही वाचला जातो.

जाता जाता मुंबईकर चाकरमान्यांना, गणपतीच्या आधी दार हवं असेल तर जुलैच्या शेवटी फोन करू नका. काच टफन होऊन बाहेरून येते, त्यात पावसात घाटाचा भरवसा नाही, आणि ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही. शिमग्याला गावी याल तेव्हाच माप देऊन जा.

आपला,
दापोलीचा एक फॅब्रिकेटर