आठवड्याची गोळी रोज घेतली जाते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोरायसिस, म्हणजे त्वचेच्या पेशी भराभर वाढून चट्टे उठण्याचा आजार, यासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एवढी एक सूचना रुग्णाच्या घरापर्यंत धड पोहोचली नाही आणि गोळी रोज घेतली गेली, तर आठवड्याभरात तोंड आतून सोलवटते, घास गिळता येत नाही, सोरायसिसचे चट्टेच फुटून जखमा होतात, ताप चढतो. रक्त तपासावे तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही घसरलेल्या. माणूस यात दगावतो. आणि हे पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

हे औषध पेशींना फॉलिक अ‍ॅसिड वापरू देत नाही. त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पेशी अडतात. सोरायसिसमध्ये तेच हवे असते, पण तोंडाचे अस्तर आणि रक्तपेशी तयार करणारी हाडांतली अस्थिमज्जाही तशाच वेगाने वाढतात. आठवड्यातून एकदा घेतले की मधल्या दिवसांत मज्जा सावरते, रोज घेतले की तिला उसंतच मिळत नाही. ‘रोज अडीच मिलिग्रॅमच तर घेतली’ असे घरचे सांगतात. आठवड्याचे साडेसतरा मिलिग्रॅम झाले. तेवढीच मात्रा एका दिवशी घेतली असती तर मूत्रपिंड चांगले असलेल्या बहुतेक प्रौढांना चालली असती, रोज विभागून घेतली की ती विषारी ठरते.

चूक बहुतेक वेळा चिठ्ठीत सुरू होते. ‘ओडी’ म्हणजे रोज आणि ‘ओडब्ल्यू’ म्हणजे आठवड्याला एकदा, यांत एका अक्षराचा फरक. इंग्रजीत घाईने लिहिलेले ‘मंडे’ हे ‘मॉर्निंग’ असे वाचले जाते. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच लहान आणि पिवळी, त्यामुळे अदलाबदल होते. आणखी एक धोका ताकदीचा. अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या घेण्याची सवय असलेल्याला दुकानातून दहाच्या गोळ्या मिळाल्या आणि त्याने सहाच घेतल्या, तर पंधराऐवजी साठ मिलिग्रॅम पोटात गेले.

म्हणून डॉक्टरांनी वार मराठीत, पूर्ण अक्षरांत लिहावा: ‘फक्त शनिवारी रात्री जेवणानंतर, अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. इतर दिवशी नाही.’ प्रत्येक वेळी एकाच ताकदीची गोळी द्यावी, तीही चार आठवड्यांपुरतीच. औषध दुकानदारांनी पाकिटावर वार लिहून तो ग्राहकाकडून एकदा वदवून घ्यावा, अर्धे मिनिट लागते. वार ठरवताना रुग्णाचा उपवास कधी असतो तेही विचारावे. संकष्टीला किंवा गुरुवारी रिकाम्या पोटी गोळी गेली की मळमळ वाढते आणि मग रुग्ण औषधच सोडून देतो. आठवडी सुट्टीच्या आदली रात्र बहुतेकांना सोयीची पडते. फॉलिक अ‍ॅसिड, साधारण 5 मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून घ्यावे.

सुरुवात सहसा 5 ते 7.5 मिलिग्रॅमने होते आणि हळूहळू 15 पर्यंत, क्वचित 25 पर्यंत वाढवली जाते. वृद्धांना आणि मूत्रपिंड अशक्त असणाऱ्यांना कमी, कारण औषध बाहेर पडते ते मुख्यतः लघवीवाटे. फरक दिसायला दीड-दोन महिने जातात. त्या काळात धीर सोडून स्वतःच मात्रा वाढवणारे कमी नाहीत.

सुरू करण्यापूर्वी रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) आणि हिपॅटायटिस बी-सी तपासावेत. पहिली फेरतपासणी एक-दोन आठवड्यांत, मग महिन्याला, मात्रा स्थिरावली की दोन-तीन महिन्यांनी. रक्त गोळीच्या दुसऱ्या दिवशी देऊ नये. तेव्हा यकृताची एन्झाइम्स तात्पुरती वाढलेली दिसतात आणि चांगले चाललेले औषध विनाकारण बंद होते. पुढच्या गोळीच्या आदल्या दिवशी दिलेले रक्त खरे चित्र दाखवते. दारू या काळात पूर्ण बंद. गर्भवतीला हे औषध चालतच नाही. मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पावसाळ्यात पुण्यात घरोघरी जुलाब, ताप, अंगदुखी असते. जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले की औषध शरीरात साठते, त्या आठवड्याची गोळी घ्यायची का हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके दुकानातून परस्पर आणू नयेत. आणि कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक तर या गोळीसोबत नकोच. तेही फॉलिक अ‍ॅसिडच्याच वाटेवर आघात करते, त्यामुळे योग्य मात्रा घेणाऱ्याचीही मज्जा कोसळू शकते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर ‘मी मेथोट्रेक्सेट घेतो’ हे पहिल्यांदा सांगावे.

तोंड आले, घसा दुखून ताप आला, अंगावर निळे डाग उठले, कोरडा खोकला-धाप लागली, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रोज घेतली गेल्याचे लक्षात आले तर लक्षणांची वाट पाहू नये. ल्युकोव्होरिन हा उतारा आहे, तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. घरातली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी त्याची जागा घेत नाही. जाताना रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत, किती गोळ्या गेल्या ते त्यावरून मोजता येते.

– पुण्यातील काही त्वचारोगतज्ज्ञ