जीनीबाईंचं गाणं जपणाऱ्या हॅमिश हेंडरसन यांना

आदरणीय हेंडरसनसाहेब,
स. न. वि. वि.

स्कॉटलंडच्या लोकगायिका जीनी रॉबर्टसन यांचा आवाज माझ्यासारख्या मराठी श्रोतीपर्यंत पोचला तो तिथली लोकगीतं जमवणाऱ्या तुमच्यामुळे. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानायचे आहेत.

१९५३ साली तुम्ही ॲबरडीन शहरात त्यांचं दार ठोठावलंत. त्या दमलेल्या होत्या, तुम्हाला घरात घ्यायला राजी नव्हत्या. मग तुम्ही हार्लॉच्या लढाईचं जुनं कथागीत म्हणायला लागलात आणि ‘असं नाही ते’ म्हणत त्यांनी तुम्हाला आत घेतलं, असं सांगतात. युद्धावर जाऊन आलेले, नावाजलेले कवी तुम्ही. पण त्या घरात शिकवणाऱ्या त्या होत्या. हे तुम्ही पुढेही कधी विसरला नाहीत, म्हणून तुमच्याबद्दल मला एवढा आदर वाटतो.

जीनीबाई १९०८ सालच्या, भटक्या ट्रॅव्हलर समाजातल्या. गावोगावी हेटाळणी सोसलेल्या या समाजाने शेकडो वर्षांची गाणी तोंडपाठ ठेवली होती. जीनीबाईंना ती आईकडून मिळाली. पंचेचाळिशीपर्यंत आपल्या माणसांपलीकडे त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. तुमची भेट झाली त्याच वर्षी अमेरिकन लोकगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी लंडनमध्ये त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढे तबकड्या निघाल्या, मैफली झाल्या, १९६८ मध्ये एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला.

त्यांनी गायलेलं ‘सन डेव्हिड’ हे कथागीत मी पुन्हा पुन्हा ऐकते. साथीला एकही वाद्य नाही. तलवारीवर रक्त कोणाचं, असं आई मुलाला विचारते. तो घोडीचं म्हणतो, शिकारी कुत्र्याचं म्हणतो. आईला पटत नाही. शेवटी सांगतो, भावाचं. आता तळ नसलेल्या होडीतून निघून जाईन म्हणतो. परत कधी येशील, तर चंद्र-सूर्य त्या दरीत भेटतील तेव्हा. दर कडव्यात मुलाच्या नावाची हाक येते आणि जीनीबाई ती घाई न करता, लांबवून घालतात. रडण्याचा आव कुठेही नाही. ऐकणाऱ्याचा मात्र जीव गलबलतो.

तुम्ही नुसत्या फिती जमवल्या नाहीत, गाणाऱ्यांना श्रोते मिळवून दिलेत. ग्लासगोची तरुण गायिका रे फिशर जीनीबाईंच्या घरी राहून शिकली. मासळीच्या कारखान्यात राबलेली त्यांची लेक लिझी हिगिन्सही नावाजली गेली. गायिका जीन रेडपाथ एडिंबरा विद्यापीठात शिकत असताना तुम्ही जपलेल्या गाण्यांकडे वळल्या आणि ती परंपरा अमेरिकेत घेऊन गेल्या.

जीनीबाईंच्या किताबाचा मला आनंद आहे, आणि अण्वस्त्रांच्या धोरणाचा निषेध म्हणून १९८३ मध्ये तुम्ही ओबीई हा तसाच किताब नाकारलात, त्याचाही अभिमान आहे. एडिंबरा विद्यापीठातल्या तुमच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या संग्रहातली कितीतरी ध्वनिमुद्रणं आज ‘टोबर अन दुअलखाश’ (Tobar an Dualchais) या संकेतस्थळावर कुणालाही मोफत ऐकता येतात. गाणाऱ्याचं नाव तिथे गाण्यासोबत लिहिलेलं असतं. त्यासाठीही मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
एक मराठी श्रोती