निंबाळकर सगळे फलटणचेच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मराठा आडनावांवरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलाय, त्याबद्दल अभिनंदन. पण 'निंबाळकर म्हणजे फलटणचे, मूळ धारचे परमार' असं एका ओळीत आटोपलंय, ते मला पटलं नाही. मी करमाळा तालुक्यातला निंबाळकर. नोकरी महसूल खात्यात झाली, शेवटची बरीच वर्षं रेकॉर्ड रूममध्ये. जुनी दप्तरं उलगडून पाहण्यात आयुष्य गेलं, म्हणून चार ओळी लिहितो.

फलटणकरांविषयी लेखात आहे ते खोटं नाही. धारहून आलेले निंबराज परमार फलटणजवळच्या निंबळकला राहिले आणि गावावरून निंबाळकर झाले, ही त्या घराण्याची परंपरा आहे. 'राव वणंगपाळ, बारा वजिरांचा काळ' ही त्याच घराण्यातल्या वणंगपाळांवरची म्हण आमच्या लहानपणी म्हाताऱ्यांच्या तोंडी असायची. मालोजीराजांच्या पत्नी याच घरातल्या. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई या मुधोजीराव निंबाळकरांच्या कन्या, लग्न १६४० सालचं. शंभूराजे दोन वर्षांचे असताना, ५ सप्टेंबर १६५९ ला, त्या राजगडावर वारल्या. पुढे महाराजांनी आपली लेक सखुबाई बजाजी निंबाळकरांच्या महादजीला दिली. एवढी मोठी सोयरीक असलेलं घराणं, तेव्हा त्याचा अभिमान कुणाला वाटणार नाही?

आता आपल्या सोलापूर जिल्ह्यात या. करमाळ्याचा किल्ला बांधायला घेतला तो रंभाजी निंबाळकरांनी, आणि पुरा केला त्यांचे चिरंजीव जानोजीरावांनी. कमलाभवानीचं देऊळही रंभाजींचंच. देवळाचे शहाण्णव खांब आणि शहाण्णव पायऱ्यांची बारव शहाण्णव कुळांची खूण म्हणून आजही दाखवतात. हे रंभाजी मोगलांचे आणि मग निजामाचे सरदार. 'राव रंभा' हा किताब निजामाकडचा. म्हणजे शाहू छत्रपतींच्या काळात निंबाळकर हे नाव दोन्ही फळ्यांवर होतं. पुरवणीत फलटण आलं आणि करमाळा गाळलं, हे सोलापूरच्या वाचकाला खटकणारच. पुढच्या अंकात निदान तेवढं तरी यावं.

खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. निंबळक एकच नाही. अहिल्यानगरला लागूनही निंबळक आहे. गावावरून आडनाव पडतं तेव्हा ते गाव सोडून गेलेल्या कुणालाही पडतं, मग तो सरदार असो की सालगडी. आमचंच घर बघा. आमच्याकडे सुगी उरकली की हेळवी यायचा. पूर्वी बैलावरून यायचा, आता मोटारसायकलवर येतो. ओट्यावर घोंगडी टाकली की लाल फडक्यातली चोपडी सोडायची, पिढ्या वाचायच्या, नवीन जन्मलेल्या पोरांची नावं लिहून घ्यायची, आणि ज्वारी, धडुतं, एखादं तांब्याचं भांडं घेऊन पुढच्या गावाला जायचं. कानडी वळणाची त्याची मराठी आणि एका दमात म्हटलेली नावं अजून माझ्या कानात आहेत. त्याच्या चोपडीप्रमाणे आमचे पूर्वज १८७६ च्या दुष्काळात नगरकडच्या निंबळकहून जनावरं घेऊन इकडे आले आणि इथेच राहिले. फलटणचा त्यात शब्द नाही.

घरातली वहिवाटही तेच सांगते. पवारांचं, म्हणजेच परमारांचं, देवक (कुळाचं पूज्य चिन्ह) तलवारीची धार. आमच्याकडे लग्नात कळंबाची फांदी पूजतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझी थोरली आत्या माढ्याकडच्या पवारांच्या घरात दिलेली. निंबाळकर आणि पवार एकच कूळ असतं, तर आजोबांनी ती सोयरीक केली असती का? सोयरिकीत कूळ आणि देवक बघताना तो माणूस रात्र रात्र जागायचा.

तरीही हल्ली लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "फलटणचे का?" आणि आमच्यातले तरुण बेधडक 'हो' म्हणतात. मोबाईलवर तयार वंशावळ मिळते, तिच्या टोकाला एखादा राजा असतो, मधल्या दहा पिढ्यांचा पत्ता नसतो. मला याचा मनापासून त्रास होतो. दुष्काळात बायकापोरांसह जनावरं हाकत आलेला आमचा पणजोबा अशा वंशावळीतून कायमचा पुसला जातो.

आडनाव आणि रक्त यांचा मेळ दरवेळी बसतोच असं नाही, याचा दाखला अक्कलकोटला आहे. औरंगजेब गेल्यावर १७०७ साली शाहूराजे सुटून दक्षिणेत येत होते. वाटेत पारद गावी लढाई झाली, गावचे पाटील सयाजी लोखंडे त्यात पडले. त्यांच्या विधवेने लहानगा राणोजी शाहूराजांच्या पायावर घातला. ही पहिली फत्ते, म्हणून राजांनी पोराचं नाव फत्तेसिंह ठेवलं, त्याला आपलं भोसले आडनाव दिलं आणि पुढे अक्कलकोट दिलं. १९४८ साली संस्थान विलीन झालं तोवर तिथे भोसले म्हणूनच राज्य झालं. शस्त्रागार बघायला जाणाऱ्या किती जणांना हे लोखंड्यांचं मूळ ठाऊक असतं? जतच्या डफळ्यांचंही असंच, मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे. उलट मुळेगाव तांड्यावर जा, तिथे पवार, चव्हाण, जाधव भेटतील, ते बंजारा आहेत. पारध्यांतही पवार आणि भोसले आहेत. शहाण्णव कुळांच्या छापील याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा नुसत्या आडनावावरून कूळ ठरवू नये.

मग ठरवायचं कशावर? कागदावर. जुन्या मोडी कागदात बहुतेक वेळा आडनाव नसतंच. 'अमुक बिन तमुक, मोकदम' एवढंच असतं, बिन म्हणजे मुलगा आणि मोकदम म्हणजे पाटील. आडनाव नंतरच्या खातेवहीत चिकटतं, कधी गावावरून, कधी हुद्द्यावरून. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम धावाधाव झाली. मलाही बोलावणी आली. तेव्हा दिसलं की सत्तरी ओलांडलेली आम्ही मोजकीच माणसं हा भार उचलतोय. कागदही फार दिवस टिकणारे नाहीत. एका वाड्यात मी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, सोडला, तर वरचे चार बंद (कागद) धड होते, खालचा गठ्ठा वाळवीने भाकरीसारखा एकजीव झालेला. पान सुटेना, तुकडेच हातात आले. मधल्या एका तुकड्यावर 'निवाडपत्र' एवढाच शब्द शाबूत होता.

म्हणून दोन विनंत्या. एक आपल्याला. आडनावांची लेखमाला जरूर चालवा, पण कागदावर काय आहे आणि घराण्यात काय सांगतात, हे वेगळं करून छापा. दुसरी आपल्या विद्यापीठाला. करमाळा, माढा, मंगळवेढा, अक्कलकोट या भागात फिरणाऱ्या हेळव्यांच्या चोपड्यांचे फोटो त्यांच्या संमतीने आणि योग्य मोबदला देऊन काढून घ्यावेत. पोटापाण्यासाठी त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात चाललीत. काही चोपड्या मोडीत, काही कानडीत आहेत, त्यामुळे दोन्ही जाणणारी माणसं लागतील. मोडीचं काम मी विनामोबदला करीन. कुणाच्या घरी मोडीचा रुमाल असेल तर त्यांनी तो उन्हात टाकू नये, तेल-हळद लावू नये, सुटत नसेल तर ओढू नये. तसाच कोरड्या सुती कापडात ठेवावा आणि वाचणाऱ्याला घरी बोलवावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, मागेल त्याला द्यावा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल,
जुळे सोलापूर