स्वयंपाकघरात बसून जेव

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल "सगळं ठीक आहे" म्हणून मध्येच फोन ठेवलास, तेव्हाच ठरवलं की लिहूनच पाठवावं. मी फोनवर काही विचारलं की तुला ती उलटतपासणी वाटते. म्हणून 'कोणाशी बोललास का' हे इथे विचारणार नाही.

आधी कामाचं. जर्मनीत आन्मेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असतं. नुसता भाडेकरार चालत नाही, तू तिथे राहतोस असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. ते आजच माग. अपॉइंटमेंट लांबची मिळाली तर तीच घे, आणि ती कधी मागितलीस हे दाखवणारा ईमेल जपून ठेव. टपालपेटीवर आडनाव लाव, पासपोर्टातल्याच स्पेलिंगने. नाव नसलं की पत्र परत जातं, आणि तुझा करक्रमांक टपालानेच यायचा आहे. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल. टीव्ही नसला तरी ती चुकत नाही, पण माणशी नसते, घरटी असते: महिना १८.३६ युरो. तुमच्या वेगेत, म्हणजे त्या भागीदारीतल्या घरात, कोणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा, म्हणजे तुला वेगळी पडत नाही. तो क्रमांक विचारायला म्हणून तरी खोलीबाहेर ये.

व्हिसा संपायच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज जायला हवा. त्या कार्यालयाची तारीख मिळायला कधी कधी महिने लागतात, त्यामुळे आत्ताच मागे लाग.

आता माणसांचं. तिथे शेजारी आपणहून चौकशीला येतील म्हणून वाट बघू नकोस. नव्याने आलेल्याने बेल वाजवून नाव सांगायचं, ही तिथली रीत. दोन मिनिटं पुरतात, आत बोलावलं नाही तर अपमान मानू नकोस. जिन्यात भेटेल त्याला 'हालो' म्हण. वयस्कर माणसांना 'झी' (आपलं 'तुम्ही'), तेच 'दू' ('तू') म्हणा म्हणेपर्यंत. विद्यार्थी आपसात पहिल्यापासून 'दू'च. "भेटू या कधीतरी" यावर काही घडत नाही, वार आणि वेळ ठरव. पाच मिनिटं उशीर होणार असला तरी मेसेज कर. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, अशुभ मानतात. तुझ्या वाढदिवसाला केक तूच न्यायचा. रात्री १० नंतर आवाज नको, आणि रविवारी काचेच्या बाटल्या डब्यात टाकू नकोस. एवढ्यावरूनही संबंध बिघडतात.

आणि ताट खोलीत नेऊ नकोस. वेगेत ओळखी होतात त्या स्वयंपाकघरातच, आणि पहिल्या काही आठवड्यांतच. एकदा 'हा दार लावून बसतो' असं झालं की पुढे कोणी दार वाजवत नाही. गैरसमज नको, तिथे बंद दाराचा मान राखतात.

ड्रेस्डेनचं किंडरगार्टन तुला आठवत नसेल. सगळी मुलं आत जायची, तू बदकाच्या चित्राच्या खुंटीखाली कोट घालूनच उभा राहायचास. बाई म्हणायच्या, येईल तो आपणहून. आणि आलास, थेट ठोकळ्यांचा पूल पुरा करायला. एक शब्द न बोलता! बाबा अजून ते सांगतात, आणि सांगताना काय खूश असतात. अण्णांना तर तू विमानाचं इंजिनच बनवायला गेला आहेस असं वाटतं. नीलूचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

हा उपदेश झाला, माफ कर. पण आता फाखशाफ्टचे, म्हणजे तुमच्या विभागाच्या विद्यार्थी मंडळाचे, कार्यक्रम चालू आहेत, गट याच दिवसांत जमतात. हॉखशूलस्पोर्टची, म्हणजे विद्यापीठातल्या खेळांच्या वर्गांची, नोंदणी ठरलेल्या मिनिटाला उघडते आणि चांगले वर्ग भराभर भरतात, तेव्हा आधीच लॉगिन करून बस. पोहणं घेऊ नकोस. बॅडमिंटन घे, त्याला समोर कोणीतरी लागतं.

रात्री-अपरात्री किंवा सुट्टीला दुखलंखुपलं तर ११६११७ ला फोन कर, जीवावरचं असेल तर ११२. लपवू नकोस.

तुझी
आई

ता. क. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातील, म्हणजे साडेतीन तासांचा फरक साडेचार होईल. तुझा रात्री ८ चा फोन इथे साडेबाराला येईल. खुशाल कर. वेगेतल्या त्या दोघांची नावं काय आहेत?