गोचिडीचं नाव काढायचं नाही

अनगोळ, बेळगाव
२३ फेब्रुवारी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

कणकुंबीला तुझा फोन लागत नाही, लागला तरी ‘आई, नंतर’ एवढंच ऐकू येतं, म्हणून कागद घेतला. पिशवी वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. त्या दिवशी तू भरल्या ताटावरून उठून गेलीस. सुधामावशी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचं म्हणणं, पोरगी महिन्यानं घरी आली आणि तू तिला जेवू दिलं नाहीस. चूक माझीही होती. आता मी ठरवलंय की या पत्रात गोचिडीचं नाव काढायचं नाही.

तर आधी तुझं काम. फेब्रुवारीतली ती चार दिवसांची पक्षीमोजणी मी केली. सकाळी सात ते सव्वासात, मागच्या पायरीवर, दुधाच्या हिशेबाची वही मांडीवर घेऊन. पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं हे काय असतं ते तुला संसार मांडल्यावर कळेल... जाऊ दे, तो विषय नको. शेवगा फुललाय, त्यावर शिंजीर. पहिल्या दिवशी सात लिहिले, मग लक्षात आलं की तेच जाताहेत आणि येताहेत. खोडून दोन केले. बुलबुल चार, साळुंक्या सहा, दयाळ एक, घार एक. तांबट दिसला नाही, नुसता टुकटुक ऐकू आला; त्याच्यापुढं ‘आवाज’ असं लिहिलंय, चालत नसेल तर खोड. तिसऱ्या दिवशी कुंपणावर भारद्वाज आला. दिवस चांगला जाणार असं वाटलं, ते वहीत लिहिलं नाही.

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही ज्यांना भोरड्या म्हणून मोजता, त्यांना हाकलण्यात माझं लहानपण गेलं. चिकोडीकडं आमच्या आबांचा शाळू असायचा, आणि दाणा दुधात आला की शाळेला दांडी मारून मी माळ्यावर. गोफणीत खडा घालायचा, डोक्यावर दोन फेरे घ्यायचे, एक दोरी सोडायची. फटाक् असा आवाज व्हायचा आणि सगळा थवा चादर झटकल्यासारखा उठून शेजारच्या रानात पडायचा. शेजारचे आम्हाला शिव्या द्यायचे, मग ते हाकलायचे, की परत आमच्याकडं. एकदा माझा खडा लागला एकीला. उचलली तर गरम होती. डोकं काळंभोर, पोट फिकट गुलाबी, चोचीला शाळवाचं दूध लागलेलं. मी ती बांधाला पुरली आणि आबांना सांगितलं की नेम चुकला. पुढं तू नववीत असताना म्हणालीस की त्या मध्य आशियातून येतात, तिकडं टोळ खातात, एप्रिलपर्यंत निघून जातात. त्या रात्री मला झोप आली नाही. एवढ्या लांबून आलेली, आणि मी.

असो. तुला म्हणायचं होतं ते हे की जंगलात बसायला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. धुपदाळला कांड्या करकोचे बघायला बाबांच्या खांद्यावर तुला बसवून कोणी पाठवलं? करदंट हातात तसाच धरून तू पाण्याकडं बघत राहिलीस, मुंग्या लागल्या त्याला. घटप्रभेचं ते अभयारण्य १९७४ पासून आहे, पण आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं. गोकाकचा धबधबा बघून परत यायचं एवढंच ठाऊक. ती दुर्बीण तुझ्याकडंच आहे ना? उजव्या काचेवर ओरखडा आहे म्हणून टाकू नकोस.

पण त्या दिवशी तू भात वाढून घेता घेता म्हणालीस, ‘ट्रॅप कॅमेऱ्याच्या वाटेवर एक माकड मरून पडलं होतं.’ गाडी पंक्चर झाल्यासारखं सांगितलंस. मनू, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माकडं मरतात आणि गोचीड चावून माणसालाही होतो तो माकडताप, १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, हे तूच मला सांगितलेलं. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आला. चोर्ल्याचा घाट उतरला की सत्तरीच की गं. पुढच्या वर्षी दोडामार्गात. काजूच्या बागेत गेलेली, पालापाचोळा गोळा करणारी साधी माणसं. आणि तुझं काम काय, तर पाचोळ्यात हलायचं नाही, बोलायचं नाही, तासतास बसायचं. डिसेंबर ते मे हाच त्यांचा हंगाम आणि हाच तुझा.

बघ, काढलंच नाव.

अस्वलाची मला एवढी भीती वाटत नाही, खरंच. अस्वल दिसतं, ऐकू येतं, आणि तुझ्याबरोबर ते गावडे काका असतात. खसखशीएवढी वस्तू कुणाला दिसते? मला ठाऊक आहे, माणसाकडून माणसाला तो ताप लागत नाही, लागलेले बहुतेक बरे होतात. पण त्या जूनमध्येही सगळे म्हणत होते, साधाच ताप आहे, उद्या उतरेल.

तू मला म्हणालीस, ‘तुला मी धनेशाच्या मादीसारखी ढोलीत कोंडलेली हवी आहे.’ लागलं ते मला. मग आठवलं, तूच सांगितलेलंस की ती स्वतःच दार लिंपून घेते, आणि नर रोज फटीतून उंबरं भरवतो. माझ्या घरात उंबरं भरवायला कोणी नाही, तेव्हा तुझी उपमा चुकली. मोठी पक्षीतज्ज्ञ!

परवा भाजी मार्केटात तुझ्या शाळेतल्या बाई भेटल्या. काय करते मनू, म्हणाल्या. मी मेथीची जुडी हातात घेऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं: भीमगड, बारापेडेच्या गुहा, १९१३ साली तिथल्याच वटवाघळाला जगात पहिल्यांदा नाव मिळालं, आणि माझी मुलगी त्या जंगलात नोंदी करते. बाई म्हणाल्या, पगार किती? मी म्हटलं, मेथी कोवळी आहे, घ्या.

पिशवीत बाबांचे दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट आहेत. सैल होतील, पण पँटमध्ये खोचता येतात. लांब मोजे तीन जोड. पँट मोज्यात घालायची, मोजे पँटमध्ये नाही. रताळ्याच्या घाऱ्या वरच्या डब्यात, त्या आधी संपव. बसताना खाली प्लॅस्टिक अंथर. आल्या आल्या कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच वळ आणि आरोग्य केंद्रात कळव, फोटो नको काढूस जवळून. पुन्हा शिकवायला लागले. माफ कर. पण मोजे घाल.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी एक पक्षी आला होता, तो ओळखू आला नाही. चिमणीपेक्षा लहान, मळकट हिरवा, शेवग्यात सारखा हलत होता, टिक् टिक् करत. वहीत नाव रिकामं ठेवलंय. होळीला आलीस की सांग.

तुझी
आई

ता. क. पिशवी त्याच गाडीनं परत पाठव, ती शेजारच्या काकूंची आहे. आणि रात्री अंघोळ झाल्यावर कानामागं, गुडघ्यामागं हात फिरवून बघ. पाठीवर तुला दिसणार नाही, तिथं त्या मैत्रिणीला बघायला सांग.